संमतीपत्र आईने वाचले आहे का?

कोथरूड, पुणे येथील वाचक भगिनींस,

आईच्या बीजांडकोशाचा कर्करोग तिसऱ्या टप्प्यात आहे, केमोथेरपीची तीन सत्रे झाली आहेत, आणि आता शस्त्रक्रियेच्या वेळीच पोटात गरम औषध फिरवण्याचा, म्हणजे ‘हायपेक’चा, प्रस्ताव आहे. भाऊ अनुकूल, तुम्ही विरुद्ध. दोघांत बरोबर कोण, असे तुम्ही विचारता. शेवटी जाता जाता लिहिता, की आईचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून भावाने बोट ठेवले तिथे तिने सही केली. ते वाक्य वाचून मला राग आला, आणि तो केवळ तुमच्या भावाचा आला नाही.

हायपेकने आयुष्य वाढत नाही असे एका फ्रेंच चाचणीत दिसले, हा तुमचा आक्षेप आधी निकालात काढते. २०२१ साली प्रसिद्ध झालेली ती चाचणी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची होती आणि तिच्यातले औषधही वेगळे होते. तुमच्या आईसारख्याच २४५ स्त्रियांवरील डच चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया दोन्ही गटांची झाली होती. मध्यक आयुर्मान, म्हणजे निम्म्या स्त्रिया ज्याहून अधिक जगल्या तो काळ, नुसत्या शस्त्रक्रियेने ३३.९ महिने, तर सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाची गरम करून जोड दिल्यावर ४५.७ महिने भरले. मात्र आजार परतण्यापूर्वीचा काळ साडेतीन महिन्यांनीच वाढला. औषध ऊतींत जेमतेम काही मिलिमीटर शिरते, म्हणून दिसेल ती गाठ आधी काढावी लागते. त्यात कधी आतड्याचा भाग जातो, कधी मल गोळा करण्यासाठी पोटावर पिशवी येते, आणि पुढचा दीड तास फिरणाऱ्या औषधाचा ताण मूत्रपिंडांवर पडू शकतो.

या साऱ्याचा हिशेब आईखेरीज कोण मांडणार? गॅसच्या पावतीचा मागचा मजकूरही वाचणारी बाई, असे वर्णन तुम्हीच केले आहे. तिने न वाचता सही केली तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या होतात.

अजून दहा दिवस आहेत. उद्याच सर्जनची वेळ घ्या, संमतीपत्राची प्रत आदल्या संध्याकाळी आईच्या हाती द्या, आणि त्या भेटीत तिलाच बोलू द्या. दिलेली संमती शस्त्रक्रियेपूर्वी मागे घेता येते, हेही तिला सांगा. ती हो म्हणाली तर तुमचा विरोध तिथेच संपवा. नाही म्हणाली तर भावाची समजूत घालणे तुमचे काम. त्याला सर्जनना काही विचारायचे असेल, तर आईचे प्रश्न संपल्यावर विचारावे.