नव्वदीतल्या शेतकरी आजोबांचं आयुष्य कसं लिहून ठेवावं?

तुम्ही लिहिलंय की आजोबांनी नव्वदी ओलांडली, सगळा जन्म शेतात गेला, आणि काही विचारलं की एवढंच म्हणतात, "सांगण्यासारखं काय आहे? राबलो, पोरं वाढवली." माझे आजोबाही हेच म्हणायचे. आम्ही इंदूरचे. होळकरांच्या काळात देपालपूरकडच्या एका खेड्यात स्थिरावलेलं आमचं मराठी घर. घरात मराठी आणि शेतावर माळवी. "तुमच्याबद्दल सांगा ना" या प्रश्नाला आजोबांनी कधीच उत्तर दिलं नाही. कामाबद्दल विचारलं की मात्र ते थांबायचे नाहीत.

मोट कोण हाकायचं, एवढंच विचारून बघा. आमच्याकडे या एका प्रश्नातून बैलजोडीची नावं निघाली, विहीर कुणाकुणाच्या सामाईकीत होती ते निघालं, आणि आजोबा नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसून मोट हाकत तेव्हा खाली आजी दारं धरायची, म्हणजे पाणी एकेका वाफ्यात वळवायची, हेही निघालं. मग आजीला विचारलं. तिची हकिगत वेगळीच होती: पाठीला मूल बांधून, थंडीत, पहाटेपासून पाण्यात उभं राहायचं. म्हणून घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय कर्त्या पुरुषाचं आयुष्य लिहू नका. त्याचं अर्धं त्यांच्याकडे असतं.

खताचं विचारा. आजोबा खड्ड्यात काडीकचरा, शेण, राख आणि गोठ्यातली मुतानं भिजलेली माती थराथरानं घालायचे आणि ठरावीक दिवसांनी पालटायचे. हे कुठे शिकलात म्हटल्यावर कळलं की त्यांच्या वडिलांनी इंदूरच्या त्या शेती-संस्थेत मजुरी केली होती, जिथे १९२४पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड काम करत होते. तिथे बसवलेली कंपोस्टची पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. पणजोबांच्या मजुरीचा घरात दुसरा कुठलाच पुरावा नव्हता.

आणि पीक कधी बदललं ते नक्की विचारा. माळव्यात खोल काळी जमीन पावसाळ्यात बरीचशी पडीक असायची. ती वखरून ठेवायची आणि मुरलेल्या ओलीवर रब्बीत गहू, हरभरा घ्यायचा. १९७०नंतर सोयाबीन पसरलं, ते शंभरेक दिवसांत निघायचं आणि त्याच रानात पुढे गहूही येऊ लागला. आमच्या आजोबांच्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात, सोयाबीनच्या आधीचा आणि नंतरचा. आधी पावसाळ्यात ते दुसऱ्याच्या कपाशीत निंदायला जात. नंतर सावकार सुटला, भिंती पक्क्या झाल्या, पण उसंत गेली. मला तरी घरातल्या कुठल्याही लग्नापेक्षा ही घटना मोठी वाटते. तुमच्या भागात ती ऊस असेल, कालवा असेल, धरण असेल.

सालांचा फार आग्रह धरू नका. त्या पिढीच्या कागदांवरची जन्मतारीख बहुतेकदा मास्तरांनी अंदाजानं टाकलेली असते. त्यापेक्षा सगळ्यांना आठवणाऱ्या गोष्टींना गाठ मारा: १९४८ साली संस्थानं जाऊन मध्यभारत हे राज्य झालं तेव्हा गुरं राखत होता की नांगर धरला होता? १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा लग्न झालं होतं का? आमच्याकडचे म्हातारे विक्रम संवत सांगतात. 'छपन्नचा दुष्काळ' म्हणजे संवत १९५६, अर्थात इ. स. १८९९-१९००, त्यांच्या आईवडिलांच्या गोष्टी तिथवर पोचतात. जमिनीच्या कागदांच्या जुन्या नकला काढा, त्यांतली नावं मोठ्यानं वाचून दाखवा. एकेका नावावर तासभर बोलणं होतं.

खरं अवघड असतं ते निर्णयांचं. कर्त्या माणसानं कुणाला शिकवलं, कुणाची शाळा सोडवली, कुणाला शहरात धाडलं? आमच्या आजोबांनी एका मुलाला इंदूरच्या गिरणीत पाठवलं, दुसऱ्याला शेतावर ठेवलं, आत्याला चौथीनंतर घरी बसवलं. पुढे गिरणी बंद पडली, काका गावी परतले आणि त्याच तेवढ्या बिघ्यांवर दोन चुली आल्या. आजोबांनी हे सगळं सांगितलं, आत्याचंही, आणि आम्ही ते जसंच्या तसं लिहिलं. तुम्हीही गाळू नका. फक्त वाटणीचा प्रश्न सगळे काका बसलेले असताना काढू नका. आजोबा एकटे असतील तेव्हा, सगळ्यांत शेवटी विचारा.