गाण्यांचे शब्द खरंच अंतर्मनात जाऊन बसतात का? रोज रात्री उदास गाणी ऐकत झोपणं वाईट आहे का?

तुम्ही लिहिलंय की नातं तुटून चार महिने झाले, रोज रात्री इयरफोन लावून विरहाची तीच पाच-सहा गाणी ऐकत झोपता. मित्र म्हणतो, हे शब्द अंतर्मनात रुतून बसतील. त्यापेक्षा 'मी आनंदी आहे, मी यशस्वी आहे' असं झोपेत कानात कुजबुजणारे ट्रॅक लाव. मित्राचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि अर्धं साफ चूक. मी मानसशास्त्रज्ञ नाही. मिरजेत गेली बावीस वर्षं गाण्याचा क्लास घेते. जे डोळ्यांसमोर घडलं आणि त्यामुळे जे वाचत गेले, ते सांगते.

आधी माझ्या मामांचं सांगते. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. समोरचं सगळं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. तांब्याकडे बघायचे, ओठ हलायचे, 'प... प...' इतकंच यायचं आणि मग चिडून मान फिरवायचे. तिसऱ्या आठवड्यात एकादशीला शेजारची मंडळी घरी हरिपाठाला बसली. मी पेटीवर होते. दुसऱ्या अभंगाला माझ्या पाठीमागून आवाज आला. घोगरा, पण अक्षर न् अक्षर स्पष्ट, जोडाक्षरांसकट. खाटेवर पडल्या पडल्या मामा म्हणत होते. माझा हात भात्यावरच थांबला, मामी म्हणाल्या, "वाजव गं, थांबू नकोस." अभंग संपला. मामींनी विचारलं, "अहो, चहा टाकू?" आणि मामांना साधं 'हो' म्हणता येईना.

डॉक्टरांना याचं नवल वाटलं नाही. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं मुख्य काम डाव्या बाजूला चालतं, आणि मामांना इजा तिथेच झाली होती. गाण्याचा पसारा मात्र दोन्ही बाजूंना असतो, आणि लहानपणापासून घोकलेलं गाणं तर जवळजवळ आपोआप चालतं. स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी अठराव्या शतकातच अशा एका माणसाची नोंद करून ठेवली आहे: बोलता येत नव्हतं, पण ओळखीची प्रार्थनागीतं म्हणता यायची. १९७३ मध्ये बॉस्टनमधल्या तज्ज्ञांनी याच आधारावर उपचाराची पद्धत मांडली. रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत म्हणायची आणि डाव्या हाताने ठेका धरायचा. मामांना वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी तेच शिकवलं. 'पाणी दे' हे त्यांचं पहिलं वाक्य.

तेव्हापासून 'शब्द आत बसतात का' असं कुणी विचारलं की मी मोकळेपणाने हो म्हणते. सुरालयीत बांधलेला शब्द बसतो, आणि नुसत्या बोललेल्या शब्दापेक्षा फार घट्ट बसतो. पण तो अर्थासकट बसतो असं मात्र नाही. गणपतीच्या आरतीत 'फणिवर बंधना' आहे, म्हणजे ज्याने नाग कमरेला बांधलाय तो. निम्मा महाराष्ट्र तिथे 'फळीवर वंदना' म्हणतो. क्लासमधल्या एका सात वर्षांच्या मुलीला विचारलं, "फळीवर काय गं?" ती म्हणाली, "बाप्पा! आमच्याकडे फळीवरच बसतो." तिच्या मनात चित्र तयार होतं, भाव पूर्ण होता, फक्त शब्द दुसराच होता. लय शब्दाला आधी आत नेऊन ठेवते आणि अर्थ पुढे कधीतरी उघडतो. कधी वीस वर्षांनी, एखाद्या माणसाच्या जाण्याने.

आता त्या कुजबुजणाऱ्या ट्रॅकबद्दल. अमेरिकेत पूर्वी अशा कॅसेटचा मोठा धंदा होता. वर समुद्राचा किंवा संगीताचा आवाज, आणि त्याखाली ऐकूही येणार नाहीत अशा सूचना. अँथनी ग्रीनवाल्ड आणि सहकाऱ्यांनी त्यांची परीक्षा घेतली, ती १९९१ मध्ये छापून आली. काही कॅसेट स्मरणशक्तीच्या होत्या, काही आत्मविश्वासाच्या. निम्म्या लोकांना त्यांनी लेबलं बदलून दिली. महिनाभर ऐकल्यावर चाचण्यांमध्ये कॅसेटच्या आतल्या मजकुराचा काहीही परिणाम दिसला नाही. पण लेबलावर जे लिहिलं होतं तेच आपलं सुधारलंय असं पुष्कळांना मनापासून वाटत होतं. म्हणून सांगते, अशा ट्रॅकवर पैसे घालवू नका. झोपलेल्या माणसाच्या कानात हुकूम ओतून त्याचा स्वभाव बदलत नाही.

नकळत परिणाम होत नाही का, तर होतो. तो मात्र वेगळ्या वाटेने येतो. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात संशोधकांनी वाइनच्या मांडणीजवळ आलटून पालटून एक दिवस फ्रेंच आणि एक दिवस जर्मन संगीत लावलं. फ्रेंच संगीताच्या दिवशी फ्रेंच वाइन जर्मनच्या पाचपट खपली, जर्मन संगीताच्या दिवशी जर्मन वाइन जवळजवळ दुप्पट. हे १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. विचारल्यावर बहुतेक गिऱ्हाईकांनी संगीताचा काही संबंध असल्याचं मान्य केलं नाही. संगीताने त्यांना हुकूम दिला नव्हता. फ्रान्सशी जोडलेल्या आठवणी जरा वर आणून ठेवल्या आणि हात तिकडे गेला. तुमच्या त्या पाच-सहा गाण्यांचं काम असंच चालतं. ती दुःख नव्याने तयार करत नाहीत. रोज रात्री बरोबर त्याच आठवणी वर काढून तुमच्या हाताशी ठेवतात.

मग उदास गाणी बरी का वाटतात? एक तर त्यात शुद्ध सुख आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये दाखवून दिलं गेलं की आवडतं संगीत ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि तो क्षण येण्याच्या आधी, नुसत्या वाट पाहण्यातही सुटतं. मैफलीला बसणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. तान समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघते तेव्हा श्रोत्यांचे श्वास थांबतात आणि सम आली की एकदम 'वा!' निघतो. गाणं दुःखाचं असलं तरी समेचा आनंद मिळतोच. दुसरं म्हणजे, २०१४ मध्ये ७७२ लोकांना विचारून केलेल्या एका पाहणीत उदास संगीताने सगळ्यात जास्त वेळा जागी होणारी भावना निव्वळ दुःख नव्हती, जुन्या दिवसांची ओढ होती. तेव्हा विरहगीतं ऐकणं हा काही आजार आहे, हे आधी मनातून काढा.

शब्दांचं वजन मात्र वेगळं मोजायला हवं. २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात असं आढळलं की शब्द जोडल्याने आनंदी आणि शांत चालींचा परिणाम थोडा फिका होतो. दुःखी आणि रागीट चालींचा गडद होतो. मला हे फार पटतं. चाल दुःख देते, पण ते मोघम असतं. शब्द त्याला नाव-गाव देतात. आणि ज्याला मुळातच एक गोष्ट उगाळत बसायची सवय आहे, त्याच्या हातात शब्द म्हणजे सहाण मिळाल्यासारखं होतं.

मी स्वतः यातून गेले आहे. धाकटा भाऊ गेला त्या वर्षी त्याच्या आवडीचं एक भावगीत मी कॅसेटवर रोज संध्याकाळी लावायची. दिवा लावला की टेपरेकॉर्डर सुरू. सहा महिने. रडून मोकळं वाटायचं ते पहिला महिनाभर. नंतर गाणं संपायचं आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, तरी पुन्हा रिवाइंड. माझ्या गुरुजींच्या कानावर गेलं. ते इतकंच म्हणाले, "ऐकतेस कशाला? गा की."

बसले गायला. मुखडा निघाला, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला गळा दाटला आणि सूर फुटला. रडणं आणि गाणं एका गळ्यातून एकदम होत नाही; रडू येताना गळा आवळला जातो, सूर लावायला तो मोकळा लागतो. थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा धरायचं. दहा-बारा दिवसांनी लक्षात आलं की त्या ओळीला मी भावाचा विचार करतच नव्हते. ओळ लांब आहे, श्वास कुठे तोडायचा, याचा विचार करत होते. शब्द तेच होते. आधी ते माझ्यावर येऊन आदळत, आता माझ्यातून बाहेर जात होते.

यामागे शरीराचंही कारण आहे. गाताना श्वास पटकन घेऊन सावकाश सोडावा लागतो आणि श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये २०१३ मध्ये समूहगान करणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते एकत्र कमी-जास्त होत होते, कारण सगळे एकाच जागी श्वास घेत होते. टाळ-मृदंगाच्या लयीत चालणाऱ्या दिंडीत ज्याने चार पावलं टाकली आहेत, त्याला हे कळेल.

आपल्या आज्या-पणज्या जात्यावर हेच करत होत्या. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, सासुरवास, माहेरची ओढ, मेलेलं लेकरू, दारुडा नवरा, सगळं ओवीत. तोंडाने बोलल्या असत्या तर घरात भांडण पेटलं असतं. ओवीत म्हटलं तर ते दळणाबरोबर निघून जायचं. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पारी या संकेतस्थळावर त्यातल्या पुष्कळ ऐकायला मिळतात, जरूर ऐका. दुःखाचे शब्द त्यातही ठासून भरलेत, पण त्या बायका ते आडव्या पडून ऐकत नव्हत्या, खुंटा ओढता ओढता म्हणत होत्या. शिवाय त्यांच्याकडे शब्द शेकडो होते. तुमच्याकडच्या पाच-सहा गाण्यांत 'तुझ्याविना जगू शकत नाही' याशिवाय दुसरं काही म्हटलेलं नसेल, तर चार महिन्यांत स्वतःशी बोलायलाही तेवढंच उरतं. मला काळजी वाटते ती या गोष्टीची.

आता रात्रीचं. झोपण्याआधी गाणी ऐकणाऱ्यांवर टेक्सासच्या बेलर विद्यापीठात अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीचं गाणं डोक्यात घोळत राहतं, झोपेतही मेंदू ते चालू ठेवतो आणि झोप बिघडते. नवल म्हणजे त्याच गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवरच्या आवृत्त्या शब्दांच्या गाण्यांपेक्षा जास्त घोळल्या. गाळलेले शब्द मन स्वतःच भरत बसत असावं. म्हणून शब्द नकोत म्हणून त्याच गाण्यांची बासरी लावू नका. अनोळखी काहीतरी लावा, ज्याचे शब्द तुमच्याकडे नाहीतच. अमुक रागाने अमुक विकार बरा होतो असल्या याद्यांच्याही मागे लागू नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या २०१५ च्या अभ्यासात, त्याच रागाचा आलाप शांत किंवा उदास वाटला आणि ठेक्यावरची गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, उत्साही किंवा अस्वस्थ. लयीने इतका फरक पडतो. झोपायच्या वेळी कुठल्याही रागाचा संथ, ठेक्याशिवायचा आलाप पुरे.

ती पाच-सहा गाणी एकदम बंद करायची गरज नाही. ती संध्याकाळी घ्या. एक गाणं, एकदाच, आणि तोंडाने म्हणत. आवाज कसाही असो, भांडी घासताना म्हणा, गाडीवर हेल्मेटच्या आत म्हणा. त्यानंतर त्याहून किंचित मोकळं एक, मग थोडं चालतं एक. रडणाऱ्या मनाला एकदम लग्नाची वरात दाखवू नका, ते उलट बिथरतं. आणि झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, किंवा जगूच नये असं वाटत असेल, तर गाण्यावर सोडू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र आहे, मराठीत बोलता येतं.

मामा आता बरंचसं बोलतात. पण तहान लागली की आधी डाव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर दोनदा पडतात, मग शब्द येतो.