बारा गेजच्या वायरीला एक्सटी६० लावायचा तर आयर्न कोणतं?

रिमोटच्या मॉडेलमधल्या सर्वो-रिसीव्हरच्या (छोट्या मोटरी आणि सिग्नल घेणारा भाग) बारीक वायरींना तुमचं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न छान चालतं, पण एक्सटी६० हा बॅटरीचा प्लग लावायला गेलात की बॅटरीच्या जाड, १२ गेज वायरीवर सोल्डरचा नुसता गोळा होऊन बसतो. म्हणून ४८० डिग्रीपर्यंत जाणारं घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. नको. तुम्हाला डिग्री कमी पडत नाहीयेत, वॉट कमी पडताहेत.

६०/४० सोल्डर १९० डिग्रीच्या आसपास पूर्ण वितळतं, शिसं नसलेलं साधारण २२० ला. तेवढं तर २५ वॉटचं आयर्नही सहज तापतं. पण जाड तांब्याला टेकवलं की टिपमधली उष्णता वायर ओढून घेते आणि एलिमेंटला ती तूट वेळेत भरून काढता येत नाही. चमचाभर उकळत्या पाण्याने बादली गरम होत नाही, तसंच. मग आपण आयर्न दाबून धरून बसतो. तेवढ्या वेळात उष्णता मागे पसरते, एक्सटी६० चं नायलॉन मऊ होतं आणि पिन तिरकी होते. प्लग जळतात ते बहुतेक वेळा कमजोर आयर्नमुळे, दणकट आयर्नमुळे नव्हे.

तेव्हा ६० ते ८० वॉटचं, तापमान ठरवता येणारं घ्या. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टिप. सोबत येणारी पेन्सिलसारखी टोकदार टिप बाजूला ठेवा आणि चार-पाच मिलिमीटर रुंदीची, छिन्नीच्या आकाराची टिप लावा. टेकायला जागा जास्त, धातूही जास्त. हक्कोच्या टी१२ पद्धतीच्या टिपांमध्ये हीटर आणि सेन्सर टिपच्या आतच असतात, त्यामुळे टिप थंड पडली की लगेच सावरते. माझं मत विचाराल तर याच जातीचं घ्या.

मैदानावर दुरुस्ती करणाऱ्यांना टीएस१०० सारखी, मॉडेलच्याच लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीवर चालणारी छोटी आयर्न आवडतात. मलाही आवडतात, पण बॅटरी बघून. व्होल्टेज निम्मं झालं की ताकद पाव होते. २४ व्होल्टवर ६५ वॉट देणारं तेच आयर्न १२ व्होल्टवर जेमतेम १७ वॉट देतं. थ्री-एस, म्हणजे तीन सेलचा साधारण १२ व्होल्टचा पॅक लावून एक्सटी६० ला हात घातलात तर तुमचा आत्ताचाच प्रश्न पुन्हा पुढ्यात येईल. सिक्स-एस (सहा सेल) असेल तर ताकद पुरते, फक्त पूर्ण चार्ज केलेला पॅक आयर्नच्या २४ व्होल्टच्या मर्यादेच्या थोडा वर जातो, हे लक्षात ठेवा.

खटका दाबून तापवायची १०० वॉटची गन जाड वायरीला चालेल. ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) बोर्डाजवळ मात्र मी ती नेणार नाही, कारण तापमानावर ताबा नसतो.

फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा पदार्थ, रोझिनचा (राळेचा) हवा. नळजोडणीचा आम्लयुक्त फ्लक्स वायर आतून खात जातो.

काम करताना एक्सटी६० मध्ये त्याचा जोडीदार प्लग खोचून ठेवा, म्हणजे पिना हलत नाहीत. आयर्न ३८० वर ठेवा, वायर आणि पिनेचा कप दोन्हींवर आधी सोल्डर चढवून घ्या आणि मग एकत्र आणा. दोन-तीन सेकंदांत काम व्हायला हवं. बॅटरीच्या दोन्ही वायरी एकदम कधीच कापू नका, कात्रीतूनच शॉर्ट होईल. एक कापा, तापवल्यावर आकसणारी नळी ओवा, सोल्डर करा, नळी चढवून आकसवा, मगच दुसरीला हात लावा.