ट्रिपा कुणी मोजल्या आणि पडलेले कुणी मोजले

भाड्याच्या ई-स्कूटरवरून किती जण पडतात यावरच्या प्रोजेक्टची तुझी एक्सेल शीट बघितली. मेहनत दिसते. शहरं एकाखाली एक, पुढं ट्रिपा, पुढं जखमी, आणि शेवटच्या कॉलमला भागाकार करून थेट नंबरच लावून टाकलेस, इंग्लंड सगळ्यात चांगलं, मग अमेरिकेतलं ऑस्टिन, आणि तिथलंच पोर्टलंड सगळ्यात वाईट. आणि खाली विचारायलास की मॅडम, यावरून सोलापुरात भाड्याच्या ई-स्कूटरची ट्रायल घ्यावी का नको ते सांगता येईल ना. नाही येणार. पण शीट डिलीट करू नकोस, त्यात माल आहे, फक्त भागाकार करायची फार घाई झाली.

एक आधीच सांगते. आपल्याकडं ई-स्कूटर म्हटलं की सातरस्त्याला सिग्नलवर उभी असलेली सीटवाली गाडी डोळ्यासमोर येते. तुझ्या डेटातली ती नव्हे, ती उभं राहून चालवायची, बारक्या चाकाची, मोबाईलवर स्कॅन करून घ्यायची आणि काम झालं की कडेला लावून जायची. हे पहिल्याच पानावर लिही, नाहीतर व्हायवाला बाहेरून आलेला परीक्षक तिथंच धरेल.

आता ऑस्टिन आणि पोर्टलंड. ऑस्टिनचा अभ्यास ५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर २०१८ चा, ९,३६,११० ट्रिपा, १९० जखमी रायडर, म्हणजे लाख ट्रिपांमागं २०. पोर्टलंडची ट्रायल २३ जुलै ते २० नोव्हेंबर २०१८, ७,००,३६९ ट्रिपा, इमर्जन्सी आणि अर्जंट केअर मिळून १७६ व्हिजिट, लाखामागं २५. तू इथं थांबलास. पण दोन्ही रिपोर्टांत मैल पण दिलेत की, ऑस्टिन ८,९१,१२१ आणि पोर्टलंड ८,०१,८८७. किलोमीटर करून बघ, ऑस्टिन साधारण १४.३ लाख, पोर्टलंड १२.९ लाख, आणि लाख किलोमीटरमागं जखमी किती तर १३.३ आणि १३.६. झालं, संपला तुझा नंबर. पोर्टलंडची ट्रिप सरासरी १.८ किलोमीटरची आणि ऑस्टिनची दीडची, माणूस जास्त लांब गेला तर पडायची संधी पण जास्त, एवढंच त्या फरकात होतं.

लगेच खूश होऊन दोन्ही शहरं सारखी म्हणून पण लिहू नकोस, कारण खरी गोची पुढं आहे. ऑस्टिनवाल्यांनी आधी अँब्युलन्सचे कॉल आणि इमर्जन्सीच्या नोंदी चाळून २७१ संशयित केसेस काढल्या. मग रेकॉर्ड वाचले, लोकांना फोन करून विचारलं, आणि नक्की किंवा बहुतेक नक्की म्हणण्यासारखे १९२ उरले, त्यातले १९० रायडर. तो गाळायचा खटाटोप केलाच नसता आणि २७१ ला तसंच भागलं असतं तर लाखामागं २९ आले असते. तीच स्कूटर, तेच रस्ते, तीच माणसं, आणि आकडा २० चा २९. म्हणजे पोर्टलंड आणि ऑस्टिनमधल्या फरकापेक्षा मोजणाऱ्यांच्या पद्धतीतला फरक मोठा असू शकतो. तुझ्या शीटमध्ये ही गोष्ट लिहायला कॉलमच नाही. तो घाल, 'कुणी मोजलं, कसं मोजलं', आणि तो भरल्याशिवाय पुढचं काही भरू नकोस.

मी मेडिकल रेकॉर्ड सेक्शनला काम केलंय म्हणून हे मला जरा जास्तच टोचतं. रात्री कॅज्युअल्टीला पोरगा येतो, कपाळ फुटलेलं, सीएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, केसपेपरवर लिहितो, 'ए/एच/ओ आरटीए, स्लिप फ्रॉम टू-व्हीलर, सीएलडब्ल्यू फोरहेड, नो एलओसी, नो व्हॉमिटिंग, नो ईएनटी ब्लीड', म्हणजे रस्ता अपघात, दुचाकीवरून घसरला, कपाळाला फाटून जखम, शुद्ध गेली नाही, उलटी नाही, कान-नाक-घशातून रक्त नाही. बस. गाडी कुठली, पेट्रोल का बॅटरी, स्वतःची का भाड्याची, काही नाही, आणि त्याचं चुकत पण नाही, त्याला टाके घालायचेत, तुझा प्रोजेक्ट नाही लिहायचा. त्यात बरोबर आलेला मामा कानाशी लागतो, साहेब एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद, नको, जिन्यावरून पडला लिहा, पोलिसांची झंझट नको. तो जिन्यावरून पडलेला तुझ्या डेटात कधीच येत नाही. शिवाय मनगट मोडलं तरी बरेच लोक सिव्हिलला येत नाहीत, जवळच्या ऑर्थोकडं जाऊन प्लॅस्टर घालून घेतात, काही जण अजून पण गावाकडच्या हाडवैद्याकडं जातात.

आणि हे फक्त आपल्याकडंच असं नाही हां. अमेरिकेत उभ्या इलेक्ट्रिक स्कूटरवरून पडणं याला आयसीडीच्या, म्हणजे आजार आणि जखमांच्या कोडच्या यादीच्या, त्यांच्या आवृत्तीत स्वतंत्र कोडच १ ऑक्टोबर २०२० पासून मिळाला, व्ही००.८४१. त्याआधी ज्यांनी शोधलं त्यांनी केसपेपरच्या मजकुरात 'स्कूटर' शब्द शोधला, आणि त्यात लहान पोरांची ढकलायची स्कूटर पण येते आणि म्हाताऱ्या माणसांची बसायची पण येते.

आता इंग्लंड, जिथं तू सगळ्यात मोठा घोळ घातलायस. ट्रायल जुलै २०२० मध्ये मिडल्सब्रोपासून चालू झाल्या, मग ३२ ठिकाणी पसरल्या, डिसेंबर २०२१ अखेर १ कोटी ४५ लाख भाड्याच्या ट्रिपा झाल्या. हा तुझा छेद. अंशात तू घेतलेस २०२१ चे पोलिसांकडचे ई-स्कूटर अपघातातले जखमी, १,४०० च्या वर. पण त्या पोलीस आकड्यात भाड्याच्या आणि खासगी दोन्ही स्कूटर आहेत! खासगी ई-स्कूटर तिथं सार्वजनिक रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे तरी लोक बिनधास्त चालवतात, त्यांची ट्रिप कुठल्याच कंपनीच्या सर्व्हरवर नसते. म्हणजे पडणारे सगळ्यांचे घेतलेस आणि ट्रिपा फक्त भाड्याच्या. परत त्या आकड्यात दीड वर्षाच्या ट्रिपा आणि एकाच वर्षाचे जखमी, तो वेगळाच विषय. आणि उलट्या बाजूनं, पोलिसांच्या त्या फॉर्मवर, स्टॅट्स१९ म्हणतात त्याला, तेव्हा ई-स्कूटरसाठी वेगळी चौकटच नव्हती, 'इतर वाहन' म्हणून टाकायचं आणि पोलिसानं शब्दांत लिहिलं असेल तर सापडणार. एकटाच पडला, गुडघा सोलला, उठून घरी गेला, तो पोलिसांकडं जातोय कशाला? एक चूक आकडा वाढवणारी, दुसरी कमी करणारी, आणि दोन्ही मिळून काय झालं हे शीट बघून कुणालाच कळणार नाही. ती ओळ काढून टाक सरळ.

कंपनीच्या ट्रिपांवर पण डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. कच्च्या डेटातली एक ओळ बघितलीस की कळेल, सुरू ८:०२, बंद ८:०३, अंतर ४० मीटर. ही ट्रिप का? स्कॅन केलं, बॅटरी कमी दिसली, सोडून दुसरी घेतली. कुणी अशा ओळी गाळतं, कुणी ठेवतं, आणि ठेवल्या की छेद फुगतो आणि स्कूटर कागदावर आपोआप सुरक्षित होते. जीपीएसचं पण तसंच, उंच बिल्डिंगांच्या मधे उभी गाडी सुद्धा नकाशावर फिरत असते. किती मिनिटांच्या आणि किती मीटरच्या खालच्या ट्रिपा काढल्या हे विचारायचंच, लाजायचं नाही.

माझ्या मते तुझ्या सगळ्या डेटातली सगळ्यात कामाची गोष्ट तू फूटनोटमध्ये टाकलीयस. ऑस्टिनमध्ये ज्या जखमींशी बोलणं झालं त्यातले ३३ टक्के पहिल्याच राईडला पडले होते, आणि नऊ किंवा त्याहून कमी वेळा चालवलेले धरले तर ६३ टक्के. आता हे ऐकून लगेच 'पहिली राईड धोक्याची' असं लिहिशील, तर थांब. एकूण ट्रिपांमध्ये पहिल्या राईड किती होत्या? समज दहा टक्के होत्या, तर नवख्याचा धोका बाकीच्यांच्या साडेचार पट. समज तीस टक्के होत्या, ट्रायल नवीन असते तेव्हा असू शकतात, तर धोका जवळजवळ सारखाच. दोन्हीत ३३ टक्के तोच! हा छेद फक्त कंपनीकडं असतो, कारण या युजरची ही कितवी ट्रिप हे त्यांनाच माहीत. म्हणून जिथं कुठं ट्रायल होईल तिथं करारातच हे मागून घ्यायला पाहिजे, नंतर कोण देत नाही. आणि लक्षात घे, जो पहिल्यांदाच जोरात आपटला तो दुसऱ्यांदा चढतच नाही, म्हणून अनुभवी लोक कमी पडतात यातलं किती शिकल्यामुळं आणि किती आपटलेले गळून गेल्यामुळं, हे वेगळं करता आलं तर तुझा प्रोजेक्ट खरंच वाचण्यासारखा होईल.

हेल्मेटबद्दल फार लिहू नकोस, सगळ्यांना पाठ आहे. ऑस्टिनच्या १९० मधे एकानं घातलेलं, जवळजवळ निम्म्यांच्या डोक्याला मार. लॉस एंजेलिसच्या दोन इमर्जन्सी विभागांच्या अभ्यासात, सप्टेंबर २०१७ ते ऑगस्ट २०१८, २४९ पेशंट आणि हेल्मेटवाले दहा. त्या २४९ मधले २१ जण मात्र स्कूटरवर नव्हतेच ते बघ, ११ जणांना स्कूटरनं उडवलं, ५ जण लावलेल्या स्कूटरला अडखळून पडले, ५ जण ती उचलताना लागून घेऊन बसले. म्हातारी माणसं फुटपाथ सोडून कुठं जाणार? तुझ्या कॉलमचं नाव 'रायडर' आहे, त्यात हे बसतच नाहीत.

आता आपल्या गावाचं. त्याच ऑस्टिनच्या अभ्यासात बोललेल्या जखमींपैकी निम्म्यांनी खड्डा, भेग असलं काहीतरी रस्त्याचं कारण सांगितलं. पोर्टलंडमध्ये तर ८३ टक्के केसेस कुणाला न धडकता नुसतं पडण्याच्या. चाक आठ-दहा इंचाचं, माणूस उभा, वजन वर, चाक अडकलं की तो हँडलवरून पुढंच जाणार. आता होटगी रोडला किंवा विजापूर रोडला कडेकडेनं चालत जा, खोदून बुजवलेले चर, पांढरा पट्टा नसलेला स्पीड ब्रेकर, ड्रेनेजचं वर आलेलं झाकण, आणि सगळीकडं ती सुटी खडी. म्हणून तू ऑस्टिनचा २० उचलून इथं चिकटवू नकोस, आणि त्याला दोनानं गुणून पण चिकटवू नकोस, गुणायला कुठला आकडा घेणार? आधी रस्ता मोज. दहा इंची चाकाला अडवेल असं काय काय आहे ते सिद्धेश्वर मंदिरापासून पार्क चौकापर्यंत नुसतं पायी मोजलंस तरी चालेल. फक्त गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत जाऊ नकोस, रस्ता दिसायचा नाही.

अजून एक. कुणी म्हणेल छोटी ट्रायल घेऊ, दहा हजार ट्रिपा, आणि एकही जखमी आला नाही, तर पेपरात येणार 'पूर्ण सुरक्षित'. तू स्टॅटिस्टिक्सवाला आहेस, तीनचा नियम तुला यायला पाहिजे. दहा हजारात शून्य आले तर ९५ टक्के खात्रीनं वरची मर्यादा तीन भागिले दहा हजार, म्हणजे लाखामागं ३०. ऑस्टिनच्या २० पेक्षा वरच की! म्हणजे शून्य येऊन सुद्धा आपण ऑस्टिनपेक्षा बरे आहोत एवढं पण सिद्ध होत नाही. हे एक पान लिहिलंस तरी महापालिकेतल्या माणसाला तुझ्या प्रोजेक्टचा उपयोग होईल.

आणि ट्रायल घ्यावी का नको हे तू ठरवायचं नाहीच, तो निर्णय लोकांचा आणि नगरसेवकांचा. पॅरिसमध्ये २ एप्रिल २०२३ ला मतदान घेतलं, आठ टक्क्यांपेक्षा कमी लोक आले, त्यातले ८९ टक्के नको म्हणाले, आणि ऑगस्ट संपता संपता भाड्याच्या स्कूटर गेल्या. कुणी लाख ट्रिपांमागं किती ते विचारलं असेल असं मला वाटत नाही, फुटपाथवर आडव्या पडलेल्या गाड्यांचाच वैताग होता बहुतेक.

तू आता काय कर, आपल्याकडच्या साध्या बॅटरीच्या दुचाक्या तरी केसपेपरवर वेगळ्या ओळखता येतात का, हे तपास. पोलिसांच्या ई-डारमधे, म्हणजे अपघातांच्या ऑनलाइन नोंदीत, वाहनाची माहिती असते, पण तिथं पोलिसांपर्यंत गेलेलेच. म्हणून एखाद्या हॉस्पिटलचं कॅज्युअल्टी रजिस्टर आणि त्याच महिन्याची पोलीस नोंद शेजारी ठेवून किती केसेस दोन्हीकडं सापडतात ते बघ, बाकी सगळं नंतर. रजिस्टरचे फोटो मोबाईलवर काढू नकोस, पेशंटचं नाव आणि पत्ता उतरवायचा नाही, फक्त वय, वेळ, गाडी, जखम. एथिक्स कमिटीचा अर्ज आजच टाक, त्याला वेळ लागतो. रेकॉर्ड रूमला सकाळी दहाला जा, दुपारी गेलास तर चावी ज्याच्याकडं आहे तो जेवायला गेलेला असतो. आणि लेटरवर विभागप्रमुखाची सही आणि शिक्का दोन्ही पाहिजे, नुसत्या सहीवर आत सोडत नाहीत.