वर्ल्ड बँकेची टाकी आली, मग नळाला पाणी का नाही?

मागच्या वेळी पाणीयोजनांवर लिहिलं आणि नंतर आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांचा सूर एकच, परदेशातून एवढा पैसा येतो तो जातो कुठे. माझी तीसेक वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात गेली, त्यातली बरीच बाहेरच्या कर्जावरच्या योजनांवर, तर पैसा गेला कुठे हे विचारायच्या आधी तो कसला होता ते समजून घ्या एवढंच म्हणणं आहे. नावं काढून प्रश्न देतोय.

एरंडोल, कॉलेज विद्यार्थी: परदेशी मदत म्हणजे फुकटचाच पैसा ना?

नाही. मोठ्या कामांना येतं ते बहुतेक कर्जच, फक्त स्वस्त आणि लांब मुदतीचं, अनुदान त्यात थोडं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनला जपानचं कर्ज 0.1 टक्का व्याजाने, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं मुद्दल फेडायचं नाही. सोसायटीचं पीककर्ज काढणाऱ्याला हे ऐकून हसू येईल, पण कर्ज येनमध्ये आहे आणि फेडताना रुपया कुठे असेल ते कोणी लिहून दिलेलं नाही. आणि वर्ल्ड बँकेची आयडीए नावाची जी गरीब देशांसाठीची स्वस्त शाखा आहे, तिच्या यादीतून भारत 2014 मध्येच बाहेर पडलाय, हे लक्षात ठेवा.

भडगाव: हा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येतो का?

नाही. करार दिल्ली करते, तिथून राज्याला, मग राज्याच्या बजेटमधून खात्याला. बऱ्याच प्रकल्पांत तर आधी राज्याने खर्च करायचा, हिशेब दाखवायचा, मग बँक भरपाई देते. त्यामुळे ग्रामसभेत कोणी "वर्ल्ड बँकेने पैसे अडवले" म्हणालं तर पहिलं विचारा, हिशेब पाठवला कधी? आणि मंजूर झालेलं पण न उचललेलं कर्जही फुकट पडून नसतं, त्यावर कमिटमेंट चार्ज लागतो, म्हणजे जमिनीची फाईल टेबलावर झोपली तरी मीटर चालूच.

धरणगाव, शेतकरी: एक जण म्हणतो शेडनेटला वर्ल्ड बँकेचा स्पेशल कोटा आहे, 5000 रुपये प्रोसेसिंग फी द्या. द्यायची का?

एक रुपया देऊ नका! असला कोटाबिटा काही नसतो. वर्ल्ड बँकेच्या कर्जावरचा पोकरा म्हणजे कृषी संजीवनी प्रकल्प आपल्या जळगाव जिल्ह्यात आहे हे खरं, पण सगळ्या गावांत नाही, आणि त्याचा अर्ज सरकारी पोर्टलवर होतो, आधी पूर्वसंमती, मग काम, मग तपासणी, मग अनुदान थेट तुमच्या बँक खात्यात. पूर्वसंमतीच्या आधीच माल उतरवून देणारे दुकानदार आहेत, "बिलाचं आम्ही बघतो" म्हणतात, आणि अनुदान अडकलं की फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका, गाव यादीत आहे का ते कृषी सहायकाला विचारा, त्यानंतरच खिशात हात घाला.

शिंदखेडा तालुका, महिला सरपंच: आमच्याकडे जलस्वराज्यातून टाकी झाली होती. आता पाणी आठ दिवसांनी येतं. परत तसा फंड मिळेल का?

ताई, फंडाचं नंतर बघू, आधी सांगा पंपाचं लाईट बिल किती महिन्यांचं थकलंय? हे विचारलं की समोरचे गप्प होतात म्हणून मुद्दाम विचारतो. 2003 पासून वर्ल्ड बँकेच्या कर्जावर जलस्वराज्य चाललं तेव्हा अटच होती, लोकवर्गणी गावाची, समिती गावाची आणि पुढे योजना चालवायचा खर्चही गावाचाच. एका गावात तर सगळी लोकवर्गणी ठेकेदारानेच भरून टाकली, लोक खूश, मी मात्र तेव्हाच ओळखलं की ही योजना गेली, कारण ज्याच्या खिशातून शंभर रुपये गेले नाहीत तो व्हॉल्व्ह गळताना बघून सरळ पुढे निघून जातो. काही वर्षांनी तिथलं पंपघर उघडलं. स्टार्टरच्या डब्यात पालीची अंडी, फ्यूजच्या जागी नुसती तांब्याची तार, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं पोतं दगड झालेलं, आणि भिंतीवरचा योजनेचा बोर्ड मात्र कालच रंगवल्यासारखा! मोटर तीनदा जळली, तीनदा भरून आणली, पण पाणीपट्टी वाढवायचा ठराव कोणी मांडेना, का तर निवडणूक तोंडावर.

हिशेब सोपाय. 300 घरं धरा, महिन्याला 100 रुपये, झाले 30 हजार. त्यातून लाईट बिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, टीसीएल आणि मोटरसाठी बाजूला ठेवायचे पैसे. निम्म्यांनीच भरलं तर आधी मोटरचे पैसे संपतात, मग टीसीएल बंद होतं, मग लाईट कट. बाहेरच्या कर्जातून टाकी होते, पाइप होतात, पण गावाच्या पंपाचं बिल जन्मभर कुठलीच बँक भरत नाही. मदत टिकलेली बघायची तर गावचा हातपंप बघा. 1970 च्या दशकात आपल्या सोलापूरच्या पंपावरून युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला, तो इथल्याच कारखान्यांत बनला, सुटे भाग इथेच मिळाले, मिस्त्री इथलाच, म्हणून चालला. आफ्रिकेत मात्र दात्यांनी बसवून दिलेले किती तरी पंप एकेका सुट्या भागावाचून गंजत पडले.

तर नव्या अर्जाच्या आधी विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का ते भूजल सर्वेक्षणवाल्यांकडून तपासून घ्या आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्याच्या उपअभियंत्याला एकदा जागेवर आणा. फोनवर नाही, जागेवर. आणि हे पावसाळ्यानंतर बघू म्हणू नका.

धडगाव, शिक्षक: सरदार सरोवरातून वर्ल्ड बँक का निघाली?

1985 मध्ये बँकेने 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. विस्थापितांच्या पुनर्वसनावरून आंदोलन झालं, बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींवर ताशेरे ओढले, आणि मार्च 1993 मध्ये भारताने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरण पुढे आपल्या पैशाने झालंच. तुमच्या शेजारच्या अक्कलकुव्यातलं मणिबेली, तेव्हा धुळे जिल्ह्यात, पण बुडीत गाव म्हणून त्याचं नाव जगभर गेलं. 1993 मध्येच बँकेने लोकांच्या तक्रारी ऐकायला इन्स्पेक्शन पॅनेल काढलं, म्हणजे आज कुठल्याही देशातले प्रकल्पबाधित तिथे दाद मागू शकतात, त्यात मणिबेलीसारख्या गावांचा मोठा वाटा आहे. मात्र तुमच्या पाड्याची आजची तक्रार असेल तर आधी जमिनीचे कागद घेऊन वकिलाला भेटा.

चाळीसगाव: अमेरिकेने मदत बंद केली, आता आपले रस्ते थांबणार का?

नाही. यूएसएड ही अमेरिकी सरकारची मदतसंस्था 1 जुलै 2025 ला बंद झाली, त्याचा मार आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या औषधांना आणि दवाखान्यांना बसतोय. आपले रस्ते त्यांच्या जिवावर नव्हतेच.

नंदुरबार, संस्थाचालक: परदेशातले ओळखीचे आश्रमशाळेसाठी पैसे ट्रस्टच्या खात्यात टाकायला तयार आहेत. घेऊ का?

एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आहे का? नसेल तर घेऊ नका, ओळखीचे असले तरी. असेल तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. "सगळे असंच करतात" हे वाक्य चौकशीत चालत नाही. सीएला दाखवा, तेही पैसा यायच्या आधी.

साक्री: शिवाजीनगरचा सोलर प्रकल्प जर्मनीचा आहे म्हणतात. मग वीज त्यांची का?

प्रकल्प महानिर्मितीचा, 125 मेगावॅटचा. जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेने कर्ज दिलंय. वीज आपल्याच ग्रीडमध्ये जाते हो.