‘जहाल दारू’ म्हणावे की ‘शीघ्रदाही दारू’?

दादरच्या एका वाचकांनी विचारले आहे : नेमबाजांसाठीच्या रीलोडिंगच्या, म्हणजे झाडलेली काडतुसे पुन्हा भरण्याच्या, पुस्तिकेचा अनुवाद करतो आहे. रायफलच्या काडतुसात भरायच्या ‘फास्ट बर्निंग’ आणि ‘स्लो बर्निंग’ पावडरला ‘जहाल दारू’ आणि ‘सौम्य दारू’ म्हणावे का? की ‘शीघ्र ज्वलनशील’ आणि ‘मंद ज्वलनशील’?

जहाल आणि सौम्य कृपया वापरू नका. हे शब्द जोर सांगतात. इथे प्रश्न वेळेचा आहे.

काडतुसातली दारू जळते, तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून रेटतो. हे सारे एक-दोन मिलिसेकंदांत उरकते, पण तेवढ्यात दाब केव्हा चढतो आणि किती टिकतो यावर सगळे ठरते. पिस्तुलाच्या किंवा बारा बोरच्या छऱ्यांच्या बंदुकीच्या काडतुसाला लवकर जळणारी दारू लागते. मोठ्या रायफलची जड गोळी जागची हलायला वेळ घेते. तिच्यामागे तीच दारू बेताने न भरता ठासली, तर गोळी सरकून मागे जागा होण्याआधीच दाब पराकोटीला जातो आणि बंदूक फुटू शकते. सावकाश जळणारी दारू त्याच काडतुसात भरपूर मावते. गोळी पुढे जात असताना वायू तयार होत राहतो आणि रेटा लांबवर टिकतो. म्हणून मोठ्या रायफलमध्ये गोळीला सर्वांत जास्त वेग बहुधा हीच दारू देते. लहान काडतुसात मात्र ती पुरती जळत नाही, नळीत न जळलेले दाणे सापडतात. आता ‘सौम्य’ वाचणारा काय समजेल? सौम्य आहे, चिमूटभर जास्त चालेल. अनुवादातल्या एका विशेषणाने माणसाचा डोळा जाऊ शकतो, म्हणून एवढे आग्रहाने लिहितो आहे.

‘ज्वलनशील’ची अडचण वेगळी. माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांकडून येणाऱ्या टँकरवर ‘अतिज्वलनशील’ असते, त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे. पेटणे निराळे, जळणे निराळे. ठिणगी पडताच दोन्ही प्रकारच्या दारू पेटतात. पेटल्यावर किती वेळात जळून संपतात, एवढाच फरक. मराठीत पेटणे, जळणे, भडकणे, धुमसणे अशी क्रियापदे असताना सगळे ‘ज्वलनशील’च्या पोतडीत कोंबायची गरज नाही.

‘दारू’ शब्दाचा संकोच मात्र करू नका. फारसीत दारू म्हणजे औषध, आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून आहे. दारूगोळा, शोभेची दारू, आणि मुंबईत तर रे रोडचा दारूखाना व माझगावचा गनपावडर रोड. पहिल्या उल्लेखाला ‘बंदुकीची धूरविरहित दारू’ म्हणा, पुढे नुसते ‘दारू’ पुरे. ‘चूर्ण’ आणि ‘भुकटी’ टाळा. सोरा, गंधक आणि कोळशाच्या काळ्या दारूला ते शब्द कदाचित चालले असते. पण १८८४ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॉल व्हिये यांनी नायट्रोसेल्युलोजची दारू केली तेव्हापासून रायफलची दारू म्हणजे चकत्या, गोल दाणे किंवा बारीक नळकांड्या. जळण्याचा वेग ठरतो तो बऱ्याच अंशी या आकारावर आणि दाण्यावरच्या लेपावर. नळकांडीला आरपार भोक असेल तर ती बाहेरून झिजते तशी आतून रुंदावते, आणि जळता पृष्ठभाग जवळजवळ तेवढाच राहतो. तेव्हा ‘दारूचे दाणे’ हा सरळ शब्दप्रयोग इथे अगदी नेमका बसतो.

माझी शिफारस : मजकुरात ‘लवकर जळणारी’ आणि ‘सावकाश जळणारी’, तक्त्यांत व शीर्षकांत ‘शीघ्रदाही’ आणि ‘मंददाही’. ‘मंद’ने कमकुवतपणा सुचत नाही, मंद आचेवरचे अन्न कच्चे राहते असे आपण म्हणत नाही. परवान्याशिवाय काडतुसे बनवणे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, ही टीप पहिल्याच पानावर द्या.

पुस्तिकेत ‘बर्न रेट चार्ट’ही असेलच. त्याला ‘दहनवेग तक्ता’ म्हणावेसे वाटेल, पण त्यात वेगाचे आकडे नसतात. कोणती दारू कोणत्या दारूच्या आधी जळून संपते, एवढा क्रम असतो, आणि दोन उत्पादकांच्या तक्त्यांत तोही थोडा पुढेमागे होतो. ‘दहनक्रम तक्ता’ लिहा, म्हणजे त्यावरून कोणी भरायच्या दारूच्या वजनाचा हिशोब मांडणार नाही.