परांचीवर कला उभारायची तर कलाकाराला कधी बोलवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इमारतीचं काम अजून दोन वर्षं चालणार आहे, तर सगळी साइटच एक भव्य सार्वजनिक कलाकृती करता येईल का, की कुंपणाच्या पत्र्यांवर चित्रं काढून समाधान मानायचं?

करता येईल. मी परांच्यांचं, म्हणजे बांधकामाभोवती उभ्या राहणाऱ्या पाइपांच्या सांगाड्यांचं, डिझाइन करतो, त्यामुळे उत्तर जरा पाइप आणि ते जोडणाऱ्या कपलरकडे झुकेल, सांभाळून घ्या.

चूक बहुतेक वेळा सुरुवातीलाच होते. परांची उभी राहते, हिरवी जाळी लागते आणि मग कुणाला तरी सुचतं की इथे मोठं चित्र छान दिसेल. नुसत्या पाइपांच्या सांगाड्यातून वारा आरपार जातो. त्यावर अखंड कापड ताणलं की त्याचं शीड होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, आणि परांची भिंतीशी जिथे जखडलेली असते तिथे तो सगळा येऊन बसतो. माझ्याच एका कामात परांचीवरच्या वाऱ्याचा हिशोब जाळी धरून केला होता आणि छापून आला अखंड फ्लेक्स. तो आम्ही लावला नाही. चित्रकार माझ्याशी नंतर बोलला नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. बारीक छिद्रांचं, सहज पेट न घेणारं मेश कापड मागवा. छिद्रं हात लावण्याइतक्या अंतरावरून दिसतात, रस्त्यापलीकडून नाही. तरी वाऱ्याचा हिशोब टळत नाही, फक्त भार हलका होतो.

क्रेनवर काही फडकवायचा मोह आवरा. काम थांबल्यावर टॉवर क्रेनचा आडवा दांडा मोकळा सोडतात, म्हणजे तो वाऱ्यासोबत फिरतो. त्यावर मोठं कापड टांगलं की हे गणितच बिघडतं. दिवे लावलेत तर चालतील.

आता कलेकडे. मला सर्वात आवडलेलं काम बर्लिनचं. तिथला राजवाडा १९५० मध्ये पाडला होता. १९९३ मध्ये त्याच जागी परांची उभारून त्यावर राजवाड्याच्या दर्शनी भिंती कापडावर रंगवून लावल्या, मूळ आकारात. रंगकाम काथरीन फेफ यांच्या चमूचं. गेलेली वास्तू डोळ्यांना दिसली आणि पुनर्बांधणीच्या मागणीला जोर आला. २००२ मध्ये संसदेने कौल दिला आणि २०२१ मध्ये नवी इमारत लोकांना खुली झाली. ती बांधायला हवी होती का, हा वाद वेगळा. पण कापडाने एवढं करून दाखवलं.

दुसरं पॅरिसचं. २०२३ मध्ये तिथल्या ऑपेरा गार्निए या जुन्या नाट्यगृहाच्या दर्शनी भागाची दुरुस्ती चालू होती. जेआर या कलाकाराने त्या परांचीवर गुहेचं अवाढव्य तोंड उभं केलं. पुढे नोव्हेंबरमध्ये दीडशेहून अधिक नर्तक त्याच परांचीवर नाचले. परांची लपवायची वस्तू न राहता रंगमंच झाली, ही खरी कल्पकता. फ्रान्समध्ये वारसा इमारतीच्या दुरुस्तीवेळी अशा कापडावर जाहिरातीलाही परवानगी मिळते, पण निम्म्याहून जास्त जागेवर नाही, आणि पैसा त्याच दुरुस्तीला लावावा लागतो. तुमच्याकडे प्रायोजक आला तर असं काहीतरी आधीच कागदावर आणा, नाहीतर हळूहळू सगळं कापड त्याचंच होतं.

तुमची खरी अडचण मात्र दोन वर्षं ही आहे. १९९५ मध्ये ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने बर्लिनमधली राइशस्टाग ही संसदेची इमारत एक लाख चौरस मीटर कापडात गुंडाळली, नूतनीकरणाच्या तोंडावर. ते राहिलं १४ दिवस. दोन वर्षांत ऊन रंग खातं आणि सिमेंटची धूळ बसते. शिवाय बाहेरचं फिनिशिंग साधारणपणे वरून खाली उतरतं आणि परांचीही वरूनच सुटत जाते. एकच मोठा चेहरा काढलात तर शेवटचे महिने लोक नुसती हनुवटी बघतील. आडव्या पट्ट्यांत विचार करा. वरची पट्टी उतरली की खालचं चित्र नव्याने पूर्ण वाटलं पाहिजे. हे कोडं कलाकाराला आवडतं, असा माझा अनुभव आहे.

आणि जाळीमागे माणसं काम करतात. त्यांना उजेड आणि हवा हवी, म्हणून सगळ्या बाजू बंद करू नका.

परांचीचं ड्रॉइंग अजून मंजूर झालं नसेल तर कलाकाराला याच आठवड्यात साइट इंजिनियरसमोर बसवा. झालं असेल तर आधी मेश धरून वाऱ्याचा हिशोब पुन्हा करून घ्या, छपाईची ऑर्डर नंतर.